आतून भाजलेली वीट

४ ऑक्टोबर

प्रिय खडू,

शाळेतले खडू चोरून खाणाऱ्या पोरीला आता लोक डॉक्टर म्हणतात, आणि तीही पेशंटच्या अंगाला हात न लावणारी, नुसते काचेवरचे तुकडे बघणारी. म्हणूनच हे पत्र. माझा एक तुकडा तुमच्या प्रयोगशाळेत यायला निघालाय.

दचकू नकोस. डाव्या मांडीच्या मागे माझी एक गाठ आहे. मऊ होती तोवर मी तिला हिशेबात धरली नाही. बसायला उशी फुकट मिळाली, तक्रार कशाची करायची? पण यंदा ती आतून टणक लागायला लागली. इथल्या हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि मलाच बोलावून दाखवला. मांसाच्या मधोमध चक्क हाड! मांडीच्या हाडाशी काही संबंध नाही, आपलं स्वतंत्र बिऱ्हाड करून बसलेलं. डॉक्टर म्हणाले, "काही लागलं होतं का?" मी म्हटलं, दोन हिवाळ्यांपूर्वी विटांनी भरलेली हातगाडी मांडीवर आदळली होती. "मग झालं तर," म्हणाले, "मार लागून रक्त साकळलं, त्याचंच हाड झालं. असं होतं कधीकधी." तरी खात्रीसाठी जाड सुई घालून तुकडा काढला.

मी निर्धास्त आहे. आयुष्य विटांत गेलं. डोक्यावरून विटा वाहिल्या, मग साच्यातून पाडल्या, मग भाजल्या, आज तीन भट्ट्या माझ्या नावावर आहेत. कच्ची वीट दबते, फुगते, पाऊस लागला की बसते. एकदा भाजली की संपलं, आहे त्या आकारात राहते. गाठही भाजून पक्की झाली. आता काय वाढणार?

तरी तुझ्या लोकांना म्हणावं, लवकर बघा. पुढच्या महिन्यात मोठी भट्टी पेटवायची आहे.

तुझा मामा


१२ ऑक्टोबर

मामा, नमस्कार.

तुमचा तुकडा पोचला. पण मी त्याला हात लावलेला नाही, लावणारही नाही. आमच्याकडे नियम आहे, घरच्या माणसाची काच दुसऱ्याने बघायची. माया डोळ्यांत आली की नको ते दिसतं, आणि हवं ते दिसत नाही. तुमची काच आमच्या मोठ्या बाई बघतील. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसतात, मान तेवढी फिरवतात, म्हणून आम्ही त्यांना घुबड म्हणतो. त्यांना ते माहीत आहे.

थोडा वेळ लागेल. हाड कागदापेक्षा पातळ कापायचं तर आधी आम्लात ठेवून मऊ करावं लागतं. तुमचा तुकडा सध्या बाटलीत डुंबतोय.

तोवर मला तीन गोष्टी सांगा, आणि विनोद न करता सांगा. गाठ हातगाडी लागायच्या आधी होती का? टणकपणा कडेला आहे की मधे? आणि अलीकडे ती वाढली आहे का?

ती चोळू नका, शेकू नका. फोन करत नाही, कामाचा डोंगर आहे. मामीला सांगा, मी नीट जेवते.

तुमची खडू


२३ ऑक्टोबर

प्रिय खडू,

निकाल आला! तुझ्या घुबडबाईंच्या सहीचा. "पूर्ण वाढ झालेले हाड. या तुकड्यात घातक पेशी आढळल्या नाहीत." इथल्या डॉक्टरांनी मला मोठ्याने वाचून दाखवला आणि पाठीवर थाप मारली. मी लगेच आवारात जाऊन विटा रचायला लावल्या.

तुझ्या प्रश्नांचं म्हणशील तर, गाठ हातगाडीनंतरची. टणकपणा अगदी मधे, आंब्यात कोय असावी तसा, आणि भोवती सगळं मऊ, मळलेल्या मातीसारखं. वाढबिढ काही नाही. म्हातारपणी माणूस सगळीकडूनच थोडा वाढतो.

दोनदा फोन केला, उचलला नाहीस. एवढं काय काम असतं गं तुला? मेलेल्या तुकड्यांना घाई नसते.

तुझा मामा


२४ ऑक्टोबर

खडू बाळा,

हे पत्र मी त्यांच्या चोरून लिहिते आहे, तेव्हा उत्तर मला धाडू नकोस.

गाठ हातगाडीच्या आधीची आहे. हातगाडी लागली तेव्हा शेक मीच दिला होता. तेव्हाच हाताला लागली, लिंबाएवढी. मी विचारलं, "हे काय?" तर म्हणाले, "जुनं आहे, चरबी आहे, तुझ्या स्वयंपाकाची पावती आहे." डॉक्टरांनी मार लागल्याचं विचारलं, तेव्हा यांना ते उत्तर सोयीचं वाटलं. डॉक्टरही खूश, हेही खूश. मी बाहेर बाकावर बसले होते, मला कुणी विचारलंच नाही.

आणि वाढली नाही म्हणतात ना? परवा शिंपी विजार घेऊन घरी आला. शिंपी मला म्हणाला, "मालकांनी डाव्या पायाचीच शिलाई उसवायला सांगितली, उजवी तशीच ठेवू का?" मी म्हटलं, तशीच ठेवा. एका पायाची विजार सैल करून हा माणूस सगळ्यांना ठणठणीत असल्याचं सांगत फिरतो आहे. बसतोही तिरका.

काल तर कहर. म्हणाले, "खडूचा फोन आला होता, तिनेही काळजी नाही म्हणून सांगितलं." तू सांगितलंस का गं?

मामी


३१ ऑक्टोबर

मामा,

आज विनोद नाही. बसून वाचा.

निकाल खरा आहे, पण तो फक्त त्या तुकड्याचा आहे. निकालातलं "या तुकड्यात" पुन्हा वाचा. बाई एक शब्द जास्तीचा लिहीत नाहीत. सुई गेली ती थेट मधल्या हाडात. तुकड्याच्या एका टोकाला नखाएवढी चरबी चिकटून आली होती, आणि तिच्यातल्या काही पेशी बाईंना आवडलेल्या नाहीत. त्यांची खरी तपासणी आतल्या जनुकांवर करतात. पण हाडाबरोबर ती चरबीही आम्लात गेली, आणि आम्लाने ती तपासणी मारून टाकली. आता त्या तुकड्यातून काही कळणार नाही. बाईंनी निकालामागून हे सगळं तुमच्या डॉक्टरांना लिहिलंय आणि नवा तुकडा मागितलाय. तुम्ही त्यांच्याकडे पुन्हा गेलाच नाहीत.

चरबीचा एक कर्करोग असतो. शब्द लिहिला, कारण तो तुम्ही माझ्याकडून ऐकावा. वर्षानुवर्षं तो साध्या मऊ गाठीसारखा पडून राहतो. मग कधीकधी त्याच्या पोटात हाड धरतं, खरंखुरं हाड. ते हाड निरुपद्रवी असतं, पण दुखणं त्याच्या भोवती असतं, आणि फोटो बघणाऱ्याला नेमकं हाडच दिसतं.

मार लागून होणारं हाड वेगळं. ते कडेने आधी पक्कं होतं आणि मधे कच्चं राहतं. तुमचं उलटं आहे, हे तुम्हीच लिहिलंत. मामा, भट्टीत आग विटेला बाहेरून लागते. बाहेरून कच्ची आणि आतून भाजलेली वीट तुम्ही कधी काढली आहे का?

मऊ भागातला नवा तुकडा हवा. इथे या. विजारीची शिलाई उसवून गाठ मावेल, पण थांबणार नाही.

खडू


५ नोव्हेंबर

चि. खडू,

शिलाईचं तुला कुणी सांगितलं हे मी विचारत नाही. घरात माणसं दोन, त्यातला मी नाही.

पत्र वाचून डोकं फिरलं. सहीशिक्क्याचा निकाल हातात असताना कालची पोर मला भट्टी शिकवते! तुला सायकल शिकवली तेव्हा तू तीन वेळा माझ्याच विटांच्या थप्पीवर जाऊन आदळलीस. मामीला म्हटलं, "तुझ्या भाचीला दुखणं शोधायचा पगार मिळतो, सापडलं नाही तर ती खाणार काय?" मामी म्हणाली, "भाची तुमची आहे, माझी नव्हे. माझ्याकडची असती तर एवढ्या प्रेमाने लिहिलं नसतं." मग दिवसभर बोलली नाही. जेवण मात्र वाढलं, ते जास्त लागलं.

तुझं तोंड बंद करायचं म्हणून आवाराच्या मागे गेलो. तिथे फुटक्या विटांचा ढीग आहे, मी या धंद्यात आलो तेव्हापासूनचा. म्हटलं, एवढ्यात एक तरी उलटी वीट सापडेलच, ती खोक्यात घालून पाठवतो पोरीला. मुकादम बरोबर होता. तो फोडायचा आणि मी बघायचो. बाहेरून लाल आणि पोटात काळ्या, कच्च्या विटा हव्या तेवढ्या निघाल्या. उलटी एकही नाही. मुकादम म्हणाला, "मालक, अशी वीट होईलच कशी? आग काय आतून लागते?"

मी त्याला चहा आणायला पाठवलं आणि ढिगावरच बसलो. तिरका.

आणखी एक ऐक. तुझा फोन बंद झाला तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. तू मुद्दाम लिहितेस. फोनवर तू "हं" म्हटलं असतंस तरी त्या "हं"वरून मला सगळं कळलं असतं.

येतो. पण भट्टी उतरल्यावर. रचून झाली आहे, पंधरा तारखेला पेटवायची. आग विटेला धरली की तिचा आवाज जड होतो, ते ऐकून हवेचे झरोके बंद करायचे असतात. इथे तो आवाज ओळखणारा दुसरा कुणी नाही. महिनाभराचा तर प्रश्न आहे.

मामा


९ नोव्हेंबर

मामा,

महिनाभराचा प्रश्न नाही, महिनाच नाही. गाठ वर्षानुवर्षं झोपलेली होती. शिंप्याकडे जायची वेळ आली, म्हणजे ती उठली आहे. मांडीच्या त्या भागातून पायाची मोठी नस जाते. आज गाठ नसेशेजारी आहे. महिन्याने नस गाठीच्या आत असेल, आणि मग शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर गाठ काढणार नाहीत, पाय काढतील. हे मी घाबरवायला लिहीत नाही. घाबरवायचं असतं तर याच्या पुढचंही लिहिलं असतं.

भट्टी एकदा पेटली की तुम्ही जागचे हलत नाही, हे मी लहानपणापासून बघते. मामी डबा घेऊन आवारात यायची आणि तुम्ही तिलाही "हळू चाल, ऐकू दे" म्हणायचात. म्हणून सांगते, पेटवायच्या आधी या.

बाईंनी मला न विचारता खाट सांगून ठेवली आहे. म्हणाल्या, "मामांना म्हणावं, पहिल्या तुकड्याने माझी झोप उडवली आहे. घुबडाचीसुद्धा."

आणि हो, फोन मी मुद्दाम उचलला नाही. तुमचे दोन्ही फोन वाजताना बघत बसले होते.

खडू


१४ नोव्हेंबर

खडू बाळा,

आम्ही उद्या सकाळच्या गाडीने निघतो आहोत. हे पत्र आमच्या मागून पोचेल, पण तुला कळावं म्हणून लिहिते, कारण हे स्वतः सांगायचे नाहीत.

आज संध्याकाळी मुकादमाला बोलावून भट्टीभोवती फिरवलं. म्हणाले, "आग धरली की आवाज जड होतो. तेव्हा हे झरोके लाव, आधी नाही." मुकादम बिचारा म्हणाला, "मालक, मला तसलं काही कधीच ऐकू आलेलं नाही हो." मला वाटलं आता ओरडणार, आणि आमचं जाणं राहणार. यांनी एक झरोका हाताने चाचपला. मग म्हणाले, "मग धुराचा रंग बघून लाव. सगळं जग बघूनच करतं."

घरी येऊन विजारी स्वतः पिशवीत भरल्या. उसवलेल्याच.

मामी


१९ डिसेंबर
दुसरा मजला, खिडकीजवळची खाट

खडू,

तू त्याच इमारतीत तळमजल्यावर आणि मी वर, तरी पत्र लिहितोय. नर्सबाईंना वाटतं, माझ्या डोक्यातली भूल अजून उतरली नाही. त्यांनाच हे घेऊन पाठवतो आहे.

तुझ्या बाईंनी मऊ भागातला तुकडा घेतला, या वेळी आम्लाचा थेंब लागू दिला नाही, आणि जनुकाची ती तपासणी बोलली. चरबीचा कर्करोग. तू म्हणालीस तेच. छातीचा फोटो स्वच्छ आला, म्हणजे रोग तिथवर पसरला नव्हता, तेव्हा मामी त्या तंत्रज्ञाच्या पाया पडायला निघाली होती, बिचारा यंत्रामागे लपला. मग शस्त्रक्रिया. डॉक्टरांनी गाठ अख्खी काढली, भोवतीच्या निरोगी मांसाच्या वेष्टनासकट, आणि मला समोर बसून सांगितलं, "पाय आज ठेवला आहे. पण काढलेल्या मांसाच्या कडेपर्यंत रोग पोचलेला निघाला, तर पुन्हा आत जावं लागेल, आणि तेव्हा पाय राहील असं मी सांगू शकत नाही."

ती कड आता तुमच्याकडे आहे. उद्या कळणार म्हणतात.

माझं एकच मागणं. तोंडी सांगायला येऊ नकोस. तू "मामा" म्हणशील आणि त्या एका हाकेत मला निकाल कळेल. लिहून दे. वाचायला मला वेळ लागतो, चष्मा शोधायला त्याहून जास्त. तेवढा वेळ मला हवा आहे.

मामी दाखवत नाही, पण पाण्याचा तोच तांब्या सकाळपासून चार वेळा घासला तिने.

मामा


२० डिसेंबर

मामा,

चष्मा उशीखाली असतो.

पाय राहिला.

आता पुढचं सावकाश वाचा. नियम मोडला नाही. बाईंनी गाठीच्या चारी बाजूंचे, वरचे, खालचे, मधले, सगळीकडचे तुकडे घेतले, एकेक काच बघितली, निकालावर सही केली, आणि मग मला हाक मारली. "ये, आता बघ. आता तुझ्या मायेने काही बिघडत नाही."

मधे हाड आहे. इतकं रेखीव, की ते कुणी मागितलं नव्हतं हे खरं वाटत नाही. भोवती चरबी, दिसायला जवळजवळ साधी. आणि एका बाजूला, जिथे शिलाई उसवावी लागली तिथे, चरबी असल्याचं विसरून गेलेल्या, भराभर वाढणाऱ्या पेशी. पहिली सुई तिथून दोन बोटांवरून गेली होती.

कडा स्वच्छ आहेत. तीन बाजूंना भरपूर निरोगी मांस आहे. चौथ्या बाजूला, नसेजवळ, फक्त एक पातळ पडदा. पण तो पडदा अखंड आहे. बाईंनी तिथल्या काचा पुन्हा नव्या करवून घेतल्या, आणि तरीही तो अखंड आहे.

संपलं असं मी म्हणणार नाही, तुम्हाला ते खोटं ऐकू येईल. त्या पातळ बाजूसाठी काही आठवडे किरणांचे उपचार घ्यावे लागतील. त्यानंतर वर्षानुवर्षं तपासण्या, कारण हा रोग परत येऊ शकतो. पाय थोडा ओढत चालाल. पण स्वतःच्या पायाने चालाल.

तुमची खडू


२० डिसेंबर, दुपार

प्रिय खडू,

वाचलं. दुसरी ओळ वाचून थांबलो आणि पत्र मामीला दिलं. तिने पुढचं सगळं मला वाचून दाखवलं. पातळ पडद्याची ओळ तिने दोनदा वाचली. तांब्या आता खाली ठेवला आहे.

पाय ओढत चालेन म्हणतेस, चालेल. आवारात लोकांना मी आल्याचं आधीच ऐकू येईल, आळशी मंडळी सावध होतील.

तुझ्या पत्रासोबतच मुकादमाचा निरोप आला. भट्टी उतरली. लिहितो, "मालक, वीट वाजवून पाहिली, खणखणीत वाजते, गाडीत भरायला सुरुवात करू का?" एरवी हे वाचून मी खूश झालो असतो. आज त्याला उलट लिहिलं, "कुठली वाजवलीस? दारातली एक काढून वाजवली असशील. वरच्या थरातली काढ, तळातली काढ, चारी कोपऱ्यांतली काढ, मधली काढ. नुसती वाजवू नकोस, फोडून बघ. मग मला कळव. तोवर एक वीट हलवायची नाही." तो म्हणेल, मालकांना तिकडे काय झालं. होऊ दे.

तुझ्या बाईंना माझा नमस्कार सांग. म्हणावं, आता झोपा.

आणि हे पत्र मी नर्सबाईंकडे देणार नाही. लिहायला बसल्यापासून दाराबाहेर कुणीतरी तीनदा आलं, थांबलं आणि परत जिन्यापर्यंत गेलं. डाव्या चपलेचा पट्टा सैल आहे, लहानपणापासून तू चपला तशाच घालतेस. आत ये. काही बोलू नकोस, नुसती बस. मला ऐकू येतंय.

तुझा मामा